लग्नात पाहुण्यांना काय प्यायला द्यायचे?

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



तुळशीचं लग्न झालं. आता गावोगाव बैठका बसतील, सुपाऱ्या फुटतील. लग्नं लागतील ती माघ-फाल्गुनात, नाहीतर वैशाखाच्या उन्हात. पण लग्नात काय होणार ते आत्ताच ठरतं. म्हणून आज हा विषय घेतला.

बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं संपतं. मानपान ठरतो. मंडळी उठायला लागतात. मग मध्यस्थ मुलीच्या बापाला जरा बाजूला घेतो आणि हळूच म्हणतो, "बाकी काही मागणं नाही हो. पण आमची पोरं हौशी आहेत. त्यांची तेवढी सोय बघा."

सोय! शब्द किती चांगला आहे. पाहुण्याला पाणी द्यावं, सावली द्यावी, अंथरूण द्यावं, ही सोय. पण मध्यस्थ म्हणतो ती सोय बाटलीतली असते. दारू हा शब्द कुणी उच्चारत नाही. म्हणून 'नाही' म्हणणंही बापाला जड जातं. ज्याचं नावच घेतलं नाही, त्याला नाही कसं म्हणायचं?

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. त्यांना आपण आबा म्हणू. कोरडवाहू तीन एकर जमीन, दोन मुली. थोरलीच्या लग्नात त्यांच्याकडे अशीच सोय मागितली. आबांनी दोन शेळ्या विकल्या, वर थोडे पैसे हातउसने घेतले आणि सोय केली. आम्ही त्या लग्नाला होतो. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा. वरात पारापाशी आली आणि तिथंच थांबली. पोरं नाचत होती. वाजंत्री थांबले की त्यांच्या अंगावर जात होती. मांडवात म्हाताऱ्या बाया उन्हानं कासावीस झाल्या. लेकरं भुकेनं रडत होती. नवरी बोहल्याजवळ बसून होती. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. अक्षता पडल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते. संध्याकाळी एक पोरगा ट्रॉलीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. दवाखान्यात न्यायची धावपळ कुणी केली? आबांनीच. लेकीला निरोप द्यायला ते घरी नव्हते.

या गोष्टीचं आबांना फार लागलं. पैसे गेले त्याचं नाही. निरोपाला आपण नव्हतो, याचं.

आता थोडं दारूविषयी सांगतो, कारण गैरसमज पुष्कळ आहेत. लिंबू चोखलं, तोंडावर गार पाणी मारलं की उतरते, असं पोरं म्हणतात. तसं होत नाही. रक्तात गेलेली दारू काळीज, म्हणजे यकृत, आपल्या गतीनं काढून टाकतं. त्याला तासच लागतात. शिवाय दारूनं लघवी जास्त होते. म्हणजे वैशाखात आधीच घामानं पाणी गेलेलं, त्यात ही भर. माणूस भोवळ येऊन पडतो तो यामुळंही.

हातभट्टीची गोष्ट तर याहून वाईट. तिच्यात कधी कधी मिथाईल अल्कोहोल मिसळलेलं असतं. ते कारखान्यात रंग, वॉर्निश यांसाठी वापरतात. दिसायला आणि वासाला ते दारूसारखंच. पिणाऱ्याला कळत नाही. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणी भागात अशी दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. हे विष लगेच कळून येत नाही. कधी अर्धा दिवस जातो, कधी एक दिवस. मग पोटात दुखतं, ओकाऱ्या होतात, डोळ्यांपुढं धुकं येतं. असं कुणाला झालं तर 'उतरेल' म्हणून निजवू नका. त्याच घटकेला दवाखान्यात न्या आणि काय प्यायलं ते डॉक्टरला खरं सांगा. लाजेपायी लपवलं तर डोळे जातात, जीवही जातो.

कायदाही ठाऊक असू द्या. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि समारंभात पाजायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर बंदीच आहे. पिऊन गाडी चालवताना कुणी सापडला तर पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वऱ्हाडाची जीप चालवणाऱ्याला हे आधी सांगा.

कुणी म्हणेल, आदिवासी पाड्यांवर लग्नात दारू असतेच की. खरं आहे. डहाणू-तलासरीकडं वारली लोकांच्या लग्नात ताडीला, दारूला मान आहे. तो त्यांच्या देवाधर्माचा भाग आहे. त्याला नावं ठेवायला आम्ही आलो नाही. पण आपल्या बैठकीत जी सोय मागतात तिच्यात ना देव, ना धर्म. ती फुकटची हौस आहे आणि तिचं बिल मुलीच्या बापावर.

गाडगेबाबा गावोगाव कीर्तनातून सांगत की दारू पिऊ नका आणि कर्ज काढून लग्नं करू नका. बाबा १९५६ साली गेले. कर्ज काढणं काही थांबलं नाही.

आता आबांच्या धाकटीकडे येऊ. दोन वर्षांनी तिचं ठरलं. मधल्या हिवाळ्यात आबा आमच्या वर्गाला येत होते. पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं गिरवली. बैठकीत याद करायची वेळ आली. याद म्हणजे काय ते तुम्ही जाणता. कुणी काय द्यायचं, कुणी काय करायचं, याचा कागद. एरवी तो गुरुजी लिहितात. आबा म्हणाले, "शेवटची ओळ मी लिहितो." कागद पुढं ओढला आणि सावकाश लिहिलं:

'वराडाला दारू देणार नाही. कोणी आणू नये. पिऊन येईल त्याला वरातीत घेणार नाही.'

'वऱ्हाड' मधला 'ऱ्ह' त्यांना जमला नाही. 'वराड' लिहिलं. कुणाचं काही अडलं नाही.

गुरुजींनी याद मोठ्यानं वाचली. शेवटची ओळ आली आणि बैठक गप्प झाली. मध्यस्थ खाली बघू लागला. व्याही म्हणाले, "आबा, हे लिहायची काय गरज होती? आमच्यावर विश्वास नाही काय?"

आबा म्हणाले, "विश्वास आहे, म्हणून तर तुमच्यासमोर लिहिलं. थोरलीच्या वेळी मी बोललो नाही. माझी लेक अडीच तास उन्हात बसली. पाहुणे, तुमचा मान मी कुठं कमी करणार नाही. पण एवढं माझं ऐका."

आतून नवऱ्या मुलाची आजी म्हणाली, "सही कर रे बाबा. बरं लिहिलंय त्यांनी." आतल्या बायांचं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ही ओळ पुष्कळ लग्नांत कधीच लिहिली गेली असती, असं आम्हाला वाटतं.

व्याह्यांनी सही केली. पण त्यांचे एक मेहुणे रुसले आणि लग्नाला आले नाहीत. तेही सांगायला हवं.

मग प्यायला काय द्यायचं? नुसतं 'दारू नाही' म्हणून पाहुणा निवत नाही. वऱ्हाड उतरताच आबांनी गूळपाणी दिलं, जुन्या रीतीनं. नंतर पन्हं. जेवणाबरोबर मठ्ठा. हिशेब आम्ही वर्गातच पाटीवर मांडला होता. तुम्हीही उतरून घ्या.

माणसं ३००. दर माणशी पन्ह्याचा एक पेला, म्हणजे १५० मिलीलीटर. एकूण ४५ लीटर. त्याला साडेपाच किलोच्या आसपास कैऱ्या लागतात. कैऱ्या उकडून गर काढायचा. गराच्या दुप्पट गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. हा घट्ट गर आदल्या रात्री करून ठेवावा. पाणी सकाळी घालावं, आणि ते उकळून गार केलेलं असावं. मठ्ठाही तेवढाच, ४५ लीटर. त्याला १२ लीटर दही, बाकी पाणी. आलं, कोथिंबीर, जिरं, मीठ. कोकणात कैरीच्या जागी आमसुलाचं सरबत करा, तेही गार.

बाजारातल्या लादीचा बर्फ पेल्यात घालू नका. तो पुष्कळदा मासे आणि माल गार ठेवण्यासाठी केलेला असतो, कसल्याही पाण्याचा. ओलं फडकं गुंडाळलेले माठ आणि रांजण सावलीत ठेवले की पुरे. आबांनी सात माठ शेजाऱ्यांकडून आणले.

लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची पाच-सहा पोरं फाट्यावर जाऊन पिऊन आलीच. व्याह्यांनी स्वतः त्यांना जानवशावर बसवलं आणि ताटं तिकडंच पाठवली. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. अक्षता पडल्या १२ वाजून ४० मिनिटांनी. संध्याकाळी लेक निघाली तेव्हा आबा गाडीच्या दांडीला धरून उभे होते.

पन्हं दोन घागरी उरलं. ते मांडव उतरवणाऱ्या पोरांनी संपवलं.