दहाही झोपल्या होत्या



फौजेत पहाऱ्यावर डुलकी लागली तर गय नसे. म्हणून मत्तय 25 वाचताना मी अडखळतो. दहाही कुमारी झोपल्या, शहाण्यासुद्धा! फरक होता तो सोबत घेतलेल्या तेलाचा.

पंडिता रमाबाईंचा जन्म आपल्या कर्नाटकातला, काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. हिब्रू-ग्रीकवरून त्या साध्या मराठीत बायबल आणत होत्या. 1921 मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. स्वतःची प्रकृतीही खालावलेली. तरी भाषांतर सुटलं नाही. 5 एप्रिल 1922 ला बोलावणं आलं, तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं.

माझी सकाळ मात्र पेपर आणि मोबाईलमध्ये जाते. बुधलीत तेल किती, ते आज रात्री बघायचं आहे.