जुन्नर व आंबेगांव येथील पाणीटंचाई : समितीच्या सभेंतील भाषण



दुष्काळ म्हटला कीं पाऊस न पडलेला मुलूख डोळ्यांपुढें येतो. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम भागांत स्थिति उलट आहे. आहुपें, भीमाशंकर, नाणेघाट या बाजूस आषाढ-श्रावणांत दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. आणि त्याच डोंगरांतील वाड्यांवरील बायाबापड्यांस वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं झऱ्यापाशीं ताटकळत बसावें लागतें. नाणेघाटांतील दगडी रांजण पाहावयास पुष्कळ लोक जातात. घाटमाथ्यावरील घरांतले कोरडे रांजण पाहावयास फारसें कोणी जात नाहीं.

कारण उघड आहे. जमीन उताराची, मातीचा थर पातळ, खालीं काळा खडक. पाणी मुरण्यास जागा नाहीं. तें घोड, कुकडी, मीना इत्यादि नद्यांनीं पूर्वेस उतरतें, आणि डिंभें, माणिकडोह, येडगांव, वडज व पिंपळगांव जोगें या 5 धरणांच्या योजनेंतून शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळ्याकडे जातें. तेथील ऊंस-द्राक्षें पाहून आम्हांस असूया वाटत नाहीं. 1972 चा दुष्काळ ज्या मुलखानें सोसला त्यास पाणी मिळालें हें योग्यच झालें. परंतु ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें मूळ गांवच डिंभ्याच्या जलाशयांत गेलें, आणि ज्या महादेव कोळी कुटुंबांचीं भातखाचरें बुडालीं त्यांपैकीं कित्येकांस समोरचें पाणी वर उपसून घेणें परवडत नाहीं, हा हिशेब कोणीं तरी मांडलाच पाहिजे.

टँकर पाठवावेच लागतात. पण त्यानें पुढचा उन्हाळा टळत नाहीं. या डोंगरांत पडकईची जुनी रीत आहे. शेजारीपाजारी मिळून एकमेकांच्या उतारावर दगडमातीचे बांध घालतात; त्यामागें माती धरते, पाणी मुरतें व भाताचें खाचर तयार होतें. मदतीचें धान्य या श्रमाच्या मोबदल्यांत द्यावें, असें आमचें मत आहे. काम मात्र हातानेंच व्हावें. 30 जुलै 2014 रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळून सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. त्याच्या कारणांविषयीं मतभेद आहेत; तरी असल्या उतारांवर यंत्रें चढविण्यास आमची संमति नाहीं.

पडकईस भात निघाल्यापासून मृगापर्यंतच अवधि असतो. म्हणून धान्य, कुदळी व पहारी होळीच्या आंत घोडेगांव व जुन्नर येथें पोंचल्या पाहिजेत. आमची पहिली विनंती कालव्याकांठच्या बागायतदारांस आहे : डोंगरांतील एकेका वाडीचा एका हंगामाचा शिधा आपण उचलावा.