दुधाचा डबा आणि घरचे पाणी



घरात पाळणा हलला की पावडरच्या दुधाचा डबा आणण्याची घाई होते. डबा महाग, म्हणून तो आईच्या दुधापेक्षा चांगला, असा आपला समज. पण डब्यात असते ती भुकटी. तिचे दूध होते ते आपल्या घरच्या पाण्याने.

ते पाणी कसे आहे? अमरावती, अकोला जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटले तर त्यांचे प्रमाण वाढतेच. तान्ह्या बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना हा भार झेपत नाही. डबा पुरवून वापरावा म्हणून भुकटी कमी घातली, तर पोट भरते, पोषण होत नाही. बाटली नीट उकळली नाही, तर हगवण ठरलेलीच.

आईच्या दुधाला ना पाणी लागते, ना बाटली. पहिले घट्ट, पिवळसर चीकदूध टाकून देऊ नका. त्यात रोगप्रतिकाराची शक्ती असते. पहिले सहा महिने, अकोल्याच्या मे महिन्यातसुद्धा, बाळाला वरचे पाणी लागत नाही. नंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे व पुढेही दूध पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुरआन शरीफमध्येही पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे आणि आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांनो, डब्याचे पैसे आधी आईच्या ताटात घाला.

बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंद आहे. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही.

मात्र आई हयात नसेल किंवा आजारामुळे पाजू शकत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा जरूर वापरावा. अशा आईला कोणी बोल लावू नये. पाणी गोडे व उकळलेले घ्यावे, माप डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे.

विद्यार्थिनींनो, डब्यावरची सूचना घरात तुम्हीच वाचून दाखवू शकता. शिकलेल्या मुलीचा पहिला उपयोग घरातल्या तान्ह्या जिवाला होऊ द्या.