वायद्याला तारीख हवी



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठे विद्वान बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. यंत्रमागावर काम करीत असताना, आणि पुढे कामगार संघटनेच्या कचेरीत बसून, जे वाचले आणि जे पाहिले तेवढीच आमची शिदोरी. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "कॅशबॅकवर बोलतो." ते हसले. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी सोडून युनियनचा माणूस मोबाइलवरच्या खरेदीवर का बोलतो, असे त्यांना वाटले असावे. त्याचे उत्तर साधे आहे. ज्याचे येणे दुसऱ्याकडे अडकले आहे, आणि तो दुसरा बलवान आहे, अशा माणसाची बाजू मांडणे हाच आमचा उद्योग आहे. येणे पगाराचे असो की सवलतीचे, ते अडकते कसे आणि सुटते कसे, याची रीत बरीचशी सारखीच असते.

प्रथम हकीकत सांगतो. आमच्या संघटनेतील एका कामगाराच्या पत्नी घरी शिवणकाम करतात. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून नऊ हजार चारशे रुपयांचे शिलाई यंत्र मागविले. गावातल्या दुकानातही तेच यंत्र होते, भावही जवळजवळ तोच. परंतु ऑनलाइन दुकानाची जाहिरात होती, की या आठवड्यात खरेदी करणाऱ्यास साडेसातशे रुपये नव्वद दिवसांत परत मिळतील. हे रुपये रोख नव्हेत. त्याच दुकानातल्या आपल्या खात्यावर ते जमा व्हायचे आणि तेथेच खर्च करायचे. तेवढ्यावर बाईंनी गावातला दुकानदार सोडला. साडेसातशे रुपये म्हणजे त्यांच्या हिशेबी कित्येक परकरांची शिलाई.

नव्वद दिवस झाले. खात्यावर काही नाही. त्यांनी विचारणा केली. उत्तर आले, "अठ्ठेचाळीस तास थांबा." थांबल्या. पुन्हा विचारले. पुन्हा अठ्ठेचाळीस तास. असे तीनदा झाल्यावर चौथे उत्तर आले, की ही सवलत आपल्या ऑर्डरला लागूच नव्हती! बाई आमच्या कचेरीत आल्या त्या पैशासाठी कमी आणि या शेवटच्या वाक्यासाठी अधिक. त्या म्हणाल्या, "दादा, देत नाही म्हणाले असते तर चालले असते. पण मी खोटे बोलते असे झाले ना हे?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे मर्म त्या बाईंच्या वाक्यात आहे. रक्कम लहान असते. पण वायदा एकाने करायचा, त्याची नोंद त्यानेच ठेवायची, तो पुरा झाला की नाही हेही त्यानेच ठरवायचे, आणि विचारणाऱ्याने मात्र आपला खरेपणा सिद्ध करीत बसायचे, हा मामला लहान नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अशी सवलत लगेच का देत नाहीत? त्याला एक रास्त कारण आहे. माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी पैसे जमा केले, तर काही लोक पैसे खर्च करून माल परत धाडतील. म्हणून दुकान ती मुदत जाऊ देते. दुसरे असे, की पुष्कळदा सवलतीचा भार दुकान, बँक आणि माल बनविणारा यांच्यात वाटलेला असतो, आणि त्यांचे हिशेब जुळायला वेळ लागतो. हे आम्हांला मान्य आहे.

परंतु उशिराचा फायदा कोणाला होतो, हेही पाहिले पाहिजे. तीन महिने गेले की माणूस विसरतो. ऑर्डरचा क्रमांक सापडत नाही. जाहिरात तर आठवडा संपताच पडद्यावरून नाहीशी झालेली असते. आणि पैसे जमा झाले तरी ते वापरायला मुदत असते. ती उलटली की रक्कम रद्द होते, आणि दुकानाच्या डोक्यावरचे तेवढे देणे उतरते. एका माणसाच्या साडेसातशेसाठी कोण भांडतो? पण असे विसरणारे हजारो झाले, की लहान रकमेची मोठी रक्कम होते. आपण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. येथे थेंब आपले आणि तळे दुसऱ्याचे!

कामगार चळवळीचा इतिहास वाचताना आम्हांला यासारखीच एक गोष्ट भेटली होती. इंग्लंडात एके काळी अनेक कारखानदार मजुरी नाण्यांत न देता मालात किंवा बिल्ल्यांत देत. ते बिल्ले मालकाच्याच दुकानात चालत, आणि तेथला भावही मालकच ठरवी. १८३१ साली पार्लमेंटने कायदा करून पुष्कळशा धंद्यांत ही प्रथा बंद केली. आपल्याकडे १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने ठरविले, की मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यावी. शिवाय हजाराहून कमी कामगार असतील तेथे महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, आणि इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे असेही ठरले. सात आणि दहा हे आकडे काही आकाशातून पडले नाहीत. पगार देणे म्हणजे पगार वेळेवर देणे, हे तत्त्व मान्य करवून घ्यावे लागले, तेव्हा ते आकडे कायद्यात आले.

सवलत म्हणजे मजुरी नव्हे, हे आम्ही जाणतो. शिलाई यंत्र बाईंना मिळाले, ते चांगलेही चालते. पण ज्या वायद्यावर विसंबून त्यांनी खरेदी केली, तो वायदा किमतीचाच एक भाग होता. नऊ हजार चारशे रुपये त्यांनी एकाच वेळी, आगाऊ मोजले. त्यांचा उशीर दुकानाने एक दिवसही सोसला नाही. मग दुकानाचा उशीर त्यांनी का सोसावा?

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी १८४४ साली काही विणकर आणि इतर कारागीर यांनी मिळून एक सहकारी दुकान काढले. तेथेही ग्राहकाला पैसे परत मिळत आणि तेथेही ते लगेच मिळत नसत. हिशेब होऊन जो नफा उरे, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला जाई. म्हणजे आजच्या भाषेत तो कॅशबॅकच म्हणायचा! पण फरक पाहा. तेथे वही ग्राहकांची होती, सभा ग्राहकांची होती आणि वाटपाचा नियम आधी सर्वांना ठाऊक होता. तेव्हा दोष थांबण्यात नाही. वही आणि तारीख दोन्ही एकाच हातात असण्यात दोष आहे.

आपल्या हातात मग काय आहे? पुष्कळांना वाटते, काहीच नाही. ते खरे नव्हे. १८७२ सालचा कराराचा कायदा सांगतो, की वचनात मुदत लिहिलेली नसेल तर ते वाजवी मुदतीत पाळले पाहिजे. म्हणजे तारीख नाही म्हणून देणे बुडत नाही, आणि तारीख लिहिलेली असेल तर मग प्रश्नच उरत नाही. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. देण्याचा हेतू नसताना भेटीचे वा बक्षिसाचे आमिष दाखविणे, ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. त्याच महिन्यात ऑनलाइन दुकानांसाठी निराळे नियम निघाले. त्यांप्रमाणे दुकानाने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव आणि पत्ता आपल्या पडद्यावर दिला पाहिजे. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत दिली पाहिजे आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावला पाहिजे. बाईंना तीनदा ऐकविलेले अठ्ठेचाळीस तास हे असे मुळात दुकानावरचे बंधन आहेत!

आम्ही काय केले ते आता सांगतो, कारण ते कोणालाही करता येईल. सुदैवाने बाईंच्या मुलीने खरेदीच्या दिवशीच जाहिरातीचे आणि तिच्याखालच्या बारीक अक्षरांतल्या अटींचे चित्र मोबाइलमध्ये काढून ठेवले होते. त्या अटी आम्ही मोठ्याने वाचल्या. खरेदीचा आठवडा, किमान रक्कम, पैसे भरण्याची पद्धत, सारे जुळत होते. मग तक्रार अधिकाऱ्यास एक पत्र ई-मेलने धाडले. पत्र अर्ध्या पानाचे. ऑर्डरचा क्रमांक, तारीख, रक्कम, जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे, नव्वदावा दिवस कोणता, आधी विचारणा केव्हा केव्हा केली, आणि शेवटी एकच मागणी. त्यात रागाचा शब्द नाही आणि विनवणीचाही नाही. युनियनची नोटीस लिहिताना आम्ही जो नियम पाळतो तोच येथे पाळला, की ज्याचा पुरावा जोडता येणार नाही ते वाक्य लिहायचे नाही.

पोच दुसऱ्या दिवशी आली. एकोणिसाव्या दिवशी साडेसातशे रुपये खात्यावर जमा झाले, पण वापरण्याची मुदत फक्त तीस दिवस! तेव्हा दुसरे पत्र लिहिले, की उशीर आपला, मग घाई आमच्यावर का? मुदत सहा महिन्यांची झाली. बाईंनी दोऱ्याची रिळे आणि एक चांगली कात्री घेतली.

एवढ्यावर काम झाले नसते, तर पुढे १९१५ हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे मराठीतही तक्रार नोंदविता येते. ते न्यायालय नव्हे. ते तक्रार कंपनीकडे धाडून उत्तर मागतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. मुख्य म्हणजे, २०१९ च्या कायद्याने आपण जेथे राहतो वा काम करतो तेथेच तक्रार करण्याची सोय दिली आहे. कंपनीची कचेरी दूरच्या शहरात आहे, ही अडचण आता उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. फोनवर किंवा चॅटवर जो आपल्याशी बोलतो, त्याच्यावर तोंडसुख घेऊ नका. तोही नोकरदार आहे. त्याच्यासमोर जी वाक्ये लिहून ठेवली आहेत तीच तो बोलतो. किती मिनिटांत एक माणूस वाटेस लावायचा, याचे माप त्याच्याही डोक्यावर असते. साडेसातशे रुपये देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि शिव्या खाण्याचा पगारही त्याला नाही. त्याच्याकडून तक्रारीचा क्रमांक तेवढा मागून घ्या, तो टिपून ठेवा आणि पत्र ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला लिहा. आमच्या अनुभवात मुकादमावर ओरडून मालकाचा निर्णय कधी बदललेला नाही.

आणि शेवटचा मुद्दा एकीचा. बाईंचे काम झाल्यावर आम्ही वस्तीतल्या बैठकीत सहज विचारले, की असे कोणाचे राहिले आहे काय? सहा-सात हात वर झाले. त्यांतल्या दोघांना तर आपले काही येणे आहे हेच आठवत नव्हते. मोबाइल उघडून पाहिले तेव्हा आठवले. प्रत्येकाने आपापले पत्र आपापल्या ऑर्डरच्या क्रमांकासह लिहिले आणि सर्वांनी ती एकाच दिवशी धाडली. एक पत्र आले की चूक म्हणता येते, सात आली की तिला पद्धत म्हणावे लागते. कायदाही हे जाणतो. सारख्याच हिताच्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकाने किंवा काहींनी तक्रार करण्याची तरतूद त्यात आहे. कष्टकऱ्यांना एकत्र येऊन मागण्याची सवय कारखान्याच्या फाटकावर लागली. ती सवय आता घरच्या मोबाइलपर्यंत आणली पाहिजे, कारण तेथे प्रत्येक जण एकटा बसून खरेदी करतो आणि फसला तर एकटाच गप्प बसतो.

ऑनलाइन दुकानातून घेऊ नका, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या बाईंची मुलगी आज तेथूनच अभ्यासाची पुस्तके मागविते, आणि स्वस्त मिळतात हेही खरे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या दिवशी पैसे मोजाल त्याच दिवशी वायद्याचे शब्द आणि तारीख जपून ठेवा. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी लिहून मागा. आणि शेजाऱ्याचेही काही राहिले आहे काय, हे विचारा. ज्याला आपले येणे नीट मागता येते त्याला कोणी भिकारी म्हणत नाही, आणि खोटारडा तर नाहीच नाही.