चाचणी हा हक्क, विकाऊ माल नव्हे



सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी शेतमजुराचे मूल शाळेत मागे पडले, की त्याला ‘ढ’ ठरवून मोकळे होणे सोपे असते. बुद्धीच मंद आहे, की केवळ लेखनवाचनाची अडचण आहे, हे मानसशास्त्रीय चाचणीवाचून कळत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणारा नसेल, तर खाजगी दवाखाना गाठावा लागतो. फी, बसभाडे आणि बुडालेली मजुरी हा सारा भार बापाच्या खिशावर पडतो. ज्याचा खिसा रिकामा, त्याचे मूल ‘ढ’च राहते.

या चाचणीचा जन्म बाजारात झालेला नाही. फ्रेंच सरकारने १९०४ साली आयोग नेमला. त्या कामातून आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये ती सिद्ध केली. शाळेत विशेष मदत लागणारी मुले ओळखणे, हाच तिचा हेतू होता. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी तिला मराठी व कानडी मुलांसाठी रूप दिले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमता समाविष्ट आहे. कलम १६ ती लवकर ओळखण्यास सांगते. कलम १७ शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करण्यास सांगते. सवलतीला दाखला हवा, दाखल्याला चाचणी हवी. त्या चाचणीचे मोल गरिबाकडून घेणे म्हणजे एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक शाळेत एकच प्रश्न लेखी विचारावा : ही पाहणी शेवटची केव्हा झाली?