नुसतं पित्त म्हणून बसू नका

आज हप्ते, व्याज, रजिस्टर यातलं काही बोलणार नाही. आज माझी एक चूक सांगायची आहे. ज्या घरात हे घडलं त्या घरच्यांना विचारूनच सांगते आहे, नाव मात्र घेणार नाही.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. गटातल्या एका सुनेकडे मी वहीवर सह्या घ्यायला गेले होते. तिचा मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा. आजीच्या मांडीवर खेळत होता. आजीने तिळाच्या लाडवाचा एक तुकडा कुस्करून त्याच्या तोंडात घातला. लाडू आमच्याच गटाचे. त्या वर्षी ऑर्डर मोठी होती, म्हणून तीळ, शेंगदाणे आणि गुळाबरोबर आम्ही काजूची पूड घातली होती, लाडू जरा भारी लागावा म्हणून.

पाच-सात मिनिटं झाली असतील. पोर तोंड चोळायला लागलं. ओठांभोवती लाल झालं, मग गळ्यावर, पोटावर गांधी उठल्या. आजी म्हणाली, "पित्त उठलं गं." आणि मी, शिकलेली, चार गावं फिरणारी, मीही म्हणाले, "हो आत्या, पित्तच दिसतंय. आमसूल भिजत घाला."

आपल्या सगळ्यांच्या घरी हेच चालतं. आमसुलाचं पाणी चोळायचं, घोंगडी पांघरायची. नुसत्या गांधी असल्या तर बहुतेक वेळा त्या आपोआपच बसतात, आणि नाव आमसुलाचं होतं. म्हणून आपला त्यावर इतका विश्वास.

आमसूल भिजेपर्यंत पोराला उलटी झाली. पाठोपाठ दुसरी. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, बाळसेदार लेकरू आहे, हळदीकुंकवाला चार बायका येऊन गेल्या, कुणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर धूर. पोर खोकायला लागलं, आणि आम्ही समजलो मिरचीचा ठसका लागला.

ओळखलं ते त्याच्या आईने. ती म्हणाली, "ताई, हा असा रडत नाही." आवाज घोगरा झाला होता. श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येत होता आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मग ते रडायचंच थांबलं आणि आईच्या खांद्यावर मान टाकली. आजीला वाटलं, दमलं, झोपलं. झोपलं नव्हतं हो ते.

१०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार होता. म्हणून शेजाऱ्यांच्या जीपमधून सात किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी बघताक्षणी मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक इंजेक्शन दिलं आणि ऑक्सिजन लावला. थोड्या वेळात पोराने डोळे उघडले आणि मोठ्याने रडलं. त्या रडण्याने आम्ही सगळ्याजणी रडलो.

मग डॉक्टरांनी विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का? आई आठवून म्हणाली, महिन्याभरापूर्वी एका लग्नातून आलेली काजूकतली चाटली होती, तेव्हा ओठांभोवती लाल चट्टे आले होते. आम्ही म्हटलं, उष्ण पडलं.

म्हणजे इशारा आधीच मिळाला होता, पण आपल्याकडे त्याला नाव उष्णतेचं होतं. पुढे शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, त्याला काजूची ॲलर्जी आहे. तिळाची नाही, शेंगदाण्याची नाही.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सांगते. आपल्या शरीरात बाहेरच्या शत्रूशी लढणारी एक यंत्रणा असते. कधी कधी ती साध्या अन्नालाच शत्रू समजते आणि सगळ्या अंगात एकदम धावपळ उडते. कातडीवर गांधी दिसतात, पण आत घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब उतरतो. बहुतेक वेळा हे खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत होतं. काजू, शेंगदाणे, अंडं, दूध, गहू, तीळ, मासे, कोळंबी, यातल्या कशानेही होऊ शकतं. गांधीलमाशी चावली किंवा एखादं औषध बाधलं, तरीही असंच होतं.

अशा वेळी उपयोगी पडणारं पहिलं औषध म्हणजे ते मांडीतलं इंजेक्शन. त्याचं नाव ॲड्रेनलिन. ते महागाचं नाही. अंगणवाडीत लस टोचल्यावर नर्सताई अर्धा तास बसवून ठेवतात ना, आणि आपण कटकट करतो, कामं पडलीत म्हणून? ते याचसाठी. लसीनंतर क्वचित कुणाला असा त्रास झाला तर तो तिथेच कळावा आणि इंजेक्शन लगेच देता यावं. घरातल्या खाजेच्या गोळ्या-सिरपने खाज कमी होते, पण सुजलेला घसा उघडत नाही. सिरप पाजून वाट बघणं आणि आमसूल लावून वाट बघणं, दोन्ही सारखंच.

मग ओळखायचं कसं? नुसत्या गांधी आहेत, पोर खेळतंय, श्वास नीट आहे, तर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पण गांधींबरोबर खोकला, घोगरा आवाज, लाळ गळणं, जीभ सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी, अंग पांढरं पडणं किंवा पोर मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघायचं. आणि एक लक्षात ठेवा, कधी कधी गांधी उठतच नाहीत, खाल्ल्यावर थेट श्वासच लागतो. लहान लेकराला "घसा आवळतोय" असं सांगता येत नाही. म्हणून आई म्हणाली की "हा रोजच्यासारखा नाही", तर तिचं ऐका. सासूबाईंनी ऐकावं, आणि माझ्यासारख्या शहाण्यांनीही ऐकावं.

१०८ फुकट आहे. फोनवर सांगायचं, बाळाला खाण्याने ॲलर्जी झाली आहे, श्वास लागला आहे, आणि ओळखीची खूण सांगायची, देऊळ, शाळा, काय असेल ते. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचं सरकारी केंद्र गाठायचं. लेकराला मांडीवर आडवं धरायचं, खांद्यावर उभं नाही. आम्ही उभं धरलं होतं, तेही चुकलंच. श्वास फार लागत असेल तर टेकवून बसवायचं, पण चालवायचं नाही. उलटी काढायला बोट घालायचं नाही, दूध-पाणी पाजायचं नाही, आणि धूर तर अजिबात नाही. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणायचंही नाही. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. या पोराला उपजिल्हा रुग्णालयात रात्रभर ठेवलं होतं.

हे ऐकून कुणी उद्यापासून मुलांचा शेंगदाणा बंद करू नका. तो आपल्या गरिबाचा बदाम आहे. २०१५ साली लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना लहानपणापासूनच शेंगदाणा थोडा थोडा खाऊ घातला, तेव्हा पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी कमी मुलांना झाली. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न द्यायचंच. नवीन पदार्थ एका वेळी एकच द्या, थोडा द्या, शक्यतो दिवसा. दाणा अख्खा देऊ नका, तो श्वासनळीत अडकतो, त्याचा बारीक कूट करून द्या. बाळाच्या अंगावर आधीपासून इसबाचे मोठे चट्टे असतील किंवा काही खाऊन त्रास झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून द्या.

आता आपल्या गटांचं. आम्ही त्या लाडवांच्या पाकिटावर "पौष्टिक तिळाचे लाडू" एवढंच छापलं होतं. काजूचं नाव कुठेच नव्हतं. गिऱ्हाईकाला कळणार कसं? शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, गहू, सोयाबीन असलं तर तसं पाकिटावर लिहायचं, हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. आम्ही ते कागदपत्रांचं झंझट म्हणून टाळलं होतं. आता ठळक अक्षरात छापतो, आणि काजू वाटलेलं मिक्सरचं भांडं धुतल्याशिवाय त्यात दुसरं काही वाटत नाही. सुरुवातीला बायका कुरकुरल्या, वेळ जातो म्हणाल्या. मग त्या पोराच्या आजीनेच भांडी धुवायचं काम अंगावर घेतलं.

मुलगा आता तीन वर्षांचा आहे. दाण्याची चटणी भाकरीबरोबर मिटक्या मारत खातो. काजूला घरात बंदी आहे, अंगणवाडीतल्या सेविकाताईंनाही लिहून दिलं आहे. लग्नकार्याला गेलं की आई आधी आचाऱ्याला विचारते, रश्श्याच्या वाटणात काजू आहे का. लोक हसतात, पण ती विचारते.

तुमच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा आणि विचारा, रात्री-अपरात्री आपल्याला जवळचं केंद्र कुठलं, तिथे कोण असतं, आणि हे इंजेक्शन तिथे आहे का. केंद्राचा नंबर हप्त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या वहीत तो आता आहे.