पडद्यावरची शर्यत आणि जोखमीचा हिशेब

(मुळशी तालुक्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आपल्या तालुक्याच्या एका टोकाला, आंबवण्याच्या बाजूला, ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी आहे. विमानांसाठी बांधलेल्या त्या पट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाची ड्रॅग रेस भरत आली आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, खांबावरचे दिवे वरून खाली लागत येतात, हिरवा लागला की सुटायचं. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. तयार केलेली चांगली गाडी ते दहा-बारा सेकंदांत कापते. आता इथून मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडे चला. जत्रेच्या दिवशी बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडा सुटतो. चार बैल, पुढं घोडी, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं आणि घड्याळावर नजर लावलेले पंच. तिथंही नाव घेण्याजोगी बारी अकरा-बारा सेकंदांचीच असते. एकीकडे लाखो रुपयांचं इंजिन, दुसरीकडे पोटच्या पोरासारखं वाढवलेलं जनावर, आणि दोन्हीकडे माणसं सकाळपासून उन्हात उभी असतात ती या अकरा सेकंदांसाठी.

म्हणून हा विषय मी मुद्दाम इथं मांडतो आहे. मोटार-शर्यतीच्या सिनेमात करमणूक किती असावी आणि खरेपणा किती, हा प्रश्न ज्यानं अकरा सेकंद डोळ्यांनी पाहिलेत त्याला जितका कळेल तितका बाकी कुणाला कळणार नाही.

पहिली अडचण अशी की खरी शर्यत डोळ्यांना फारशी दिसतच नाही. ती आकड्यांत असते. ड्रॅग रेसमध्ये गाडीची वेळ मोजायला सुरुवात होते ती चाक रेषेवरून हललं की. दिवा हिरवा झाल्यावर चालक जरा उशिरा सुटला तर तो उशीर त्या वेळेत धरत नाहीत. त्यामुळे कमी वेळात अंतर कापलेली गाडी हरते आणि जास्त वेळ घेतलेली जिंकते, असं घडतं. धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्याला हे पटकन उमगतं. पडद्यावर ते समजावून सांगायला पाच मिनिटं जातील. फॉर्म्युला वनमध्ये तर याहून अवघड. टायर जपणं, बदलायला कुठल्या फेरीत आत यायचं ते ठरवणं, पुढच्या गाडीच्या मागं धीर धरून राहणं, यात दीड तास जातो. मग दिग्दर्शक काय करतो? नायकाचा पाय ॲक्सिलरेटरवर आणखी दाबलेला दाखवतो. जणू इतका वेळ त्यानं तो अर्धाच दाबून ठेवला होता! गिअर टाकणारा हात पुन्हा पुन्हा दिसतो, शेजारच्या गाडीतल्या प्रतिस्पर्ध्याशी नजरानजर होते, गर्दी उठून उभी राहते. या युक्त्यांवर शर्यतीचे जाणकार चिडतात. मी चिडत नाही. गोष्ट सांगायची तर काही तरी डोळ्यांना दिसायला हवं.

जॉन फ्रँकनहायमर यांनी १९६६ साली ‘ग्राँ प्री’ केला. आजही त्याची दृश्यं पाहताना छाती धडधडते. तेव्हा सर्रास चाल होती की कॅमेरा हळू चालवायचा म्हणजे पडद्यावर गाडी जोरात पळते. फ्रँकनहायमर यांनी ती नाकारली. धावत्या गाड्यांवर कॅमेरे बसवले, खऱ्या ट्रॅकवर चित्रण केलं, नायक जेम्स गार्नर यांना स्वतः गाडी चालवायला लावली. आणि तरी त्यातल्या बऱ्याचशा गाड्या फॉर्म्युला थ्रीच्या होत्या, वरून फॉर्म्युला वनचा साज चढवलेल्या. गाडी खोटी, वेग खरा. मला हा सौदा मान्य आहे. रस्त्याची थरथर, वळणावर एका बाजूला झुकणारं जग, चालकाच्या मानेवर येणारा ताण हे त्यांनी प्रेक्षकाच्या अंगापर्यंत पोचवलं. या सिनेमाला ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि संकलन यांसाठी तीन ऑस्कर मिळाले, आणि ते योग्य जागी मिळाले.

याच्या उलट टोकाला स्टीव्ह मॅक्वीन यांचा ‘ल माँ’, १९७१ चा. मॅक्वीन यांना शर्यतीचं वेड होतं आणि त्यांना काहीही खोटं नको होतं. १९७० च्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत त्यांच्या कंपनीनं कॅमेरे लावलेली एक पोर्शे उतरवली. सिनेमा सुरू झाल्यावर कितीतरी वेळ कुणी धड संवादच बोलत नाही. पटकथेवरून भांडणं झाली, आधीचे दिग्दर्शक सोडून गेले, आणि सिनेमा गल्ल्यावर पडला. शर्यतीचे शौकीन आज त्याला डोक्यावर घेतात आणि मीही तो आनंदानं पाहतो. पण या खरेपणाची एक किंमत होती, ती विसरून चालत नाही. चित्रीकरणात डेव्हिड पायपर या चालकाची गाडी आदळली आणि त्यांच्या पायाचा खालचा भाग कापावा लागला. एका करमणुकीच्या खेळासाठी माणसाचा पाय जावा इतका खरेपणा मला नको आहे. खरं दाखवणं आणि खरोखर घडवणं यांत फरक ठेवलाच पाहिजे.

मग माझं म्हणणं काय? कथाकारानं गाडी बदलावी, संवाद रचावेत, दोन माणसांतलं वैर वाढवावं, मधले महिने गाळावेत. पण जोखीम कुणी पत्करली, मेहनत कुणाची होती आणि किंमत कुणी मोजली, हा हिशेब बदलू नये.

‘रश’ घ्या, रॉन हॉवर्ड यांचा, २०१३ चा. फॉर्म्युला वनचे चालक जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्यातलं वैर त्यात फार तिखट केलं आहे. प्रत्यक्षात त्यांची मैत्री होती, उमेदवारीच्या काळात ते एका घरातही राहिले होते. लाउडांचा अपमान करणाऱ्या पत्रकाराला हंट बडवतात, तो प्रसंगही रचलेला. असू द्या. १ ऑगस्ट १९७६ ला न्यूरबुर्गरिंगवर लाउडा जळत्या गाडीत अडकले, आणि सहा आठवड्यांत, जखमा भरलेल्या नसताना, मोंझाला गाडीत बसून चौथे आले. पुढे जपानमध्ये फुजीच्या मुसळधार पावसात त्यांनी दोन फेऱ्यांनंतर गाडी उभी केली, आणि हंट यांनी एका गुणानं विजेतेपद नेलं. जीव महत्त्वाचा म्हणून थांबणारा माणूस या सिनेमात भ्याड ठरत नाही. तिथं हिशेब चोख आहे.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’चंही तसंच. १९६६ च्या ल माँ शर्यतीला एन्झो फेरारी हजर नव्हते. सिनेमात ते आहेत आणि फोर्डचे चालक केन माइल्स यांना मानही देतात. त्यानं माझं काही बिघडत नाही. माइल्स पुढे होते. फोर्डच्या गाड्या एकत्र रेषा ओलांडताना दिसाव्यात या कंपनीच्या हौसेपायी त्यांना वेग कमी करायला लावला. सुरुवातीला काही मीटर मागून सुटलेली दुसरी गाडी त्यामुळे जास्त अंतर धावलेली ठरली आणि पहिला नंबर तिला गेला. दोन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स गेले. सिनेमा हे पुसून टाकत नाही. चालक आणि मेकॅनिक राबले आणि शोभा कंपनीची झाली, हे तो स्वच्छ सांगतो.

आता जिथं माझा जीव तुटतो त्या दोन सिनेमांकडे येतो. २०२३ चा ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा यान मार्डनबरो यांच्या आयुष्यावरचा. व्हिडिओ गेम खेळणारा पोरगा खरा रेसर होतो, फार सुंदर गोष्ट. २०१५ मध्ये न्यूरबुर्गरिंगवर त्यांची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला. ही घटना सिनेमात असावी असं खुद्द मार्डनबरोंचंही मत होतं, आणि ते मला पटतं. पण त्यांनी ल माँला आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला तो २०१३ ला, म्हणजे या अपघाताच्या दोन वर्षं आधी. सिनेमानं क्रम फिरवला. अपघात अलीकडे आणला, म्हणजे नायक खचतो, सावरतो आणि ल माँला उभारी घेतो. बघायला गेलेल्या एका माणसाचं मरण नायकाच्या यशाची पायरी झालं. त्या माणसाचं घर कुठं तरी आहे, घरची माणसं आहेत. कथेच्या सोयीसाठी मरणाची तारीख हलवायचा अधिकार कुणालाही नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा २०२५ चा ‘एफ वन’. जोसेफ कोसिन्स्की दिग्दर्शक, ब्रॅड पिट नायक, सात वेळा जगज्जेते ठरलेले लुइस हॅमिल्टन निर्मात्यांपैकी एक. खऱ्या ग्राँ प्रीच्या आठवड्यांत, खऱ्या ट्रॅकवर चित्रण. फॉर्म्युला टूच्या गाड्या रूप बदलून वापरल्या, म्हणजे ‘ग्राँ प्री’चीच जुनी युक्ती. दिसतं ते इतकं अस्सल की डोळ्यांचं पारणं फिटतं. आणि कथेत? नायक मुद्दाम धडका देतो, ट्रॅकवर तुकडे पाडतो, म्हणजे सगळ्यांचा वेग उतरवणारी सेफ्टी कार बाहेर येईल आणि साथीदाराचा फायदा होईल. थिएटरात टाळ्या पडतात. २००८ साली सिंगापूरला हेच खरोखर घडलं होतं. नेल्सन पिके ज्युनियर यांनी संघाच्या सांगण्यावरून गाडी भिंतीवर घातली आणि साथीदार फर्नांडो अलोन्सो जिंकले. पुढच्या वर्षी प्रकरण उघडकीला आलं आणि संघाच्या वरिष्ठांना जावं लागलं. खेळानं जिला कलंक मानलं ती कृती सिनेमानं हुशारी म्हणून दाखवली. गाडीचा प्रत्येक बोल्ट खरा आणि जोखमीचा हिशेब खोटा, हे मला गिअरच्या चुकांपेक्षा फार गंभीर वाटतं. गाड्याच्या घाटात कुणी दुसऱ्याच्या बारीत असा अडथळा घातला तर गावकरी त्याला काय म्हणतील, ते तुम्हाला मी सांगायला नको.

माहितीपट तरी निखळ खरा असतो का? आसिफ कपाडिया यांचा २०१० चा ‘सेना’, त्याच नावाच्या रेसरवरचा, पूर्णपणे जुन्या चित्रफितींतून विणलेला आहे, एकही दृश्य रचलेलं नाही. तरी सेनाचे प्रतिस्पर्धी आलँ प्रोस्त त्यात खलनायक वाटतात, आणि हेच प्रोस्त पुढे सेनाच्या नावाच्या संस्थेचे विश्वस्त झाले. कात्री कुठं चालवली यावरही बरंच ठरतं.

आपल्याकडे वळू. मोटार-शर्यतीचा सिनेमा म्हटलं की लोकांना २००७ चा ‘ता रा रम पम’ आठवतो. टायर बदलणारा पोरगा बघता बघता स्टार होतो, हे पटत नाही. पण अपघातानंतर हप्त्यावरचं घर जातं, शिल्लक काहीच नसते, बाप टॅक्सी चालवतो, पोराच्या ऑपरेशनला पैसे नाहीत, तो भाग मला शर्यतींपेक्षा खरा वाटतो. हा खेळ पैसा खातो आणि पडलेल्याला कुणी विचारत नाही.

माझ्या लेखी मात्र आपला सगळ्यात थोर शर्यतपट १९५७ चा ‘नया दौर’. बी. आर. चोप्रा, दिलीपकुमार, आणि टांगा विरुद्ध मोटारबस. टांग्यानं बसला हरवणं शक्य आहे का? सरळ रस्त्यावर नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. सिनेमालाही ते ठाऊक आहे, म्हणून गावकरी जवळचा रस्ता खणायला घेतात. फावडी, घमेली, बाया-माणसं, मधला पूल, आपसातली भांडणं. अर्धा सिनेमा त्या रस्त्यात जातो. शेवटची शर्यत अशक्य कोटीतली, पण ती जिंकायला किती घाम गाळावा लागला ते आपण पाहिलेलं असतं. घोड्याच्या तोंडाला आलेला फेस आणि माणसांच्या हातांचे घट्टे यांनी ती शर्यत कमावलेली आहे.

मराठीत असा शर्यतपट अजून व्हायचा आहे. ‘मुळशी पॅटर्न’ २०१८ ला आला तेव्हा या तालुक्यानं तो डोळ्यांत तेल घालून पाहिला. मारामाऱ्या वाढवल्या आहेत हे कळूनही जमीन विकलेला बाप लोकांनी आपला मानला, कारण तिथं हिशेब खरा होता. तसा शर्यतीचा सिनेमा हवा. कोल्हापूर हे फाउंड्र्यांचं गाव आहे, मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथले कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले. पुण्याचे संजय टकले परदेशांतल्या रॅली करतात. या खेळाची तयारी आपल्याच वर्कशॉपांतून, आपलीच भाषा बोलणाऱ्या मेकॅनिकांच्या हातून होत असते. पडद्यावर ते अजून दिसलेले नाहीत.

आणि बैलगाड्याच्या शर्यतीचा सिनेमा करणार असाल तर एक विनंती आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं घाट बंद असताना मालकांनी बैल सांभाळले, स्वतःचं पोट मारून खुराक घातला. ते दाखवा, अभिमानानं दाखवा. पण बंदी का आली तेही दाखवा. काठी, टोचणी, विजेचा झटका यांच्या तक्रारी हवेतून आलेल्या नव्हत्या. माणूस जोखीम स्वतःच्या मर्जीनं पत्करतो. बैलाला कुणी विचारलेलं नसतं. नायकाची बारी अकरा सेकंदांत बसवायला हवं तर कॅमेऱ्याची करामत करा, माझी हरकत नाही. निशाणापलीकडे गाडा थांबवायला माणसं कशी झेपावतात, बैलांच्या नाकपुड्या कशा फुलतात, दावणीला परत बांधल्यावर मालक आधी खूर बघतो की बक्षिसाचा आकडा विचारतो, तिथं मात्र काही बदलू नका. असा सिनेमा पौडच्या, घोटवड्याच्या, पिरंगुटच्या माणसांना आधी दाखवावा, आणि त्यांनी हरकत घेतली तर निर्मात्यानं पुन्हा संकलनाला बसावं.